मोखाड्याला हाक, जव्हारची ओ

आमच्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर एक पितळी मानचिन्ह होतं. 'अखंड जोडणी, अखंड सेवा' असं त्यावर कोरलेलं. निवृत्तीच्या दिवशी विद्यापीठानं दिलं होतं. हल्ली ते माळ्यावर असतं, जुन्या मिक्सरच्या खोक्यात. बायको म्हणते, "अहो, लोक असल्या वस्तू मिरवतात आणि तुम्ही माळ्यावर टाकता?" मी म्हणतो, धूळ बसते. धुळीचं काही नाही. त्यावर कोरलंय ते खोटं आहे, आणि ते मला हातात घेतानाही माहीत होतं.

या अंकाच्या संपादकबाई आमच्या गावच्या. फोनवर म्हणाल्या, "राऊतकाका, तुमचे ते किस्से लिहा ना, राउटर कपाटात कोंडला होता तो वगैरे." किस्सा लिहितो, त्यात काय एवढं. पण तेवढाच लिहून हात झटकले, तर लोक हसतील आणि मी पुन्हा एकदा सुटेन. म्हणून या वेळी उरलेलंही लिहितोय.

मी विद्यापीठाच्या संगणक केंद्रात नेटवर्कचा माणूस. नातेवाइकांना उभ्या जन्मात हे काम कळलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक माझ्यापुढे मोबाइल धरत, "बघा ना जरा, हँग होतोय." आमचं काम वेगळं होतं. विद्यापीठं आणि संशोधन संस्था यांचं आपसांत एक जाळं असतं. परदेशातल्या नियतकालिकात छापलेला शोधनिबंध मुंबईच्या प्राध्यापकाला जसा टेबलावर बसून वाचता येतो, तसाच डोंगरातल्या विद्यार्थ्यालाही वाचता यावा, यासाठी ते जाळं. निबंध लिहिणारे विद्वान वेगळे. तो मोखाड्याच्या टेबलापर्यंत आणून पोचवणारे हमाल म्हणजे आम्ही. आणि सांगतो, हमाली मी झोकून देऊन केली. टॉवरवर चढलो, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, एकदा माकडांनी तोंड फिरवून ठेवलेली डिश भर उन्हात दोन तास बसून पुन्हा जागेवर आणली.

जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके माझ्याकडे होते. जव्हारपर्यंत जमिनीखालून फायबरची तार आलेली. तिथून पुढे मोखाड्यापर्यंत तार न्यायची कुणाची छाती नव्हती, म्हणून दोन टॉवर उभे केले. एक जव्हारला, एक मोखाड्याला. दोघांवर डिश, एकमेकींकडे तोंड करून. मधे दऱ्या. मोखाड्याच्या टोकाला विद्यापीठाचं छोटं उपकेंद्र होतं. तीन खोल्या, एक ग्रंथालय, आणि नागली-वरईवर, म्हणजे नाचणी-वरीवर, संशोधन करणारी पाचसहा मुलं.

कपाटाचा किस्सा इथलाच. जोडणी दिल्यावर आठच दिवसांत तक्रार आली की नेट नाही. गेलो. बघतो तर राउटर गायब! तिथल्या प्रमुखांनी तो लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलेलं. म्हणाले, "सरकारी वस्तू आहे, उद्या कुणी पळवली तर उत्तर मी द्यायचं." मी म्हटलं, "सर, हे यंत्र हवेतून बोलतं. तुम्ही त्याचं तोंड दाबलंत." त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि कपाटाचं एक दार उघडं ठेवायला परवानगी दिली.

याच फेरीत काशिनाथ भोयेची ओळख झाली. ग्रंथालयातला शिपाई. दारं उघडायची, पाणी भरायचं, पुस्तकं लावायची. अक्षर मात्र असं गोल आणि ठसठशीत की बघत राहावं. मी त्याला एक दोनशेपानी वही दिली आणि म्हटलं, "काशिनाथ, नेट कधी जातं, कधी येतं, यात लिहून ठेवत जा. मला उपयोग होईल." त्यानं ते व्रतासारखं धरलं. 'सोमवार. १०.१० ला नेट गेला. १२.४० ला आला. लाइट होती.' लाइट होती की नव्हती हेसुद्धा तो लिहायचा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं.

आता जरा धंद्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एखादी जोडणी चालू आहे की बंद, हे आम्हाला विद्यापीठात बसून कसं कळायचं? आमचं यंत्र दर पाच मिनिटांनी लांबच्या यंत्राला हाक मारतं. लांबच्यानं ओ दिली की नकाशावर हिरवा ठिपका. ओ आली नाही की लाल. महिन्याच्या शेवटी हिरवे-लाल मोजून टक्के काढायचे आणि अहवाल द्यायचा. बस्स, एवढंच शास्त्र आहे.

मोखाडा सदा लाल. तिथं वीज जायची आणि बॅटरी नव्हती. पावसाळ्यात डिश हलायची. बैठकीत भिंतीवर नकाशा लागला की सगळ्यांचे डोळे त्या एका ठिपक्यावर. एकदा आमचे संचालक म्हणाले, "राऊत, मूल्यांकनाची समिती यायची आहे. ते लाल तेवढं बघा ना जरा." ते खोटं करा म्हणाले नाहीत. बघा म्हणाले. बॅटरीसाठी मी दोनदा प्रस्ताव पाठवला होता, दोन्ही वेळा तो परत आला होता. मग मी बघितलं. जव्हारच्या टॉवरखाली चांगली मोठी बॅटरी होती, तिथलं यंत्र कधीच झोपत नसे. मी नकाशावरचं 'मोखाडा' हे नाव तसंच ठेवलं आणि त्यामागचा पत्ता जव्हारच्या यंत्राचा घातला. पाच मिनिटांचं काम. म्हणजे हाक मोखाड्याला मारायची आणि ओ द्यायची जव्हारनं. दुसऱ्या दिवसापासून मोखाडा हिरवागार.

मनाला काय समजावलं असेल? वीज जाणं हा काही नेटवर्कचा दोष नाही, मग त्याची शिक्षा आपल्या टक्क्यांना का? ऐकायला किती बरं वाटतं! कुणीही मान डोलावेल.

काशिनाथचे फोन यायचेच. "साहेब, नेट नाय. सकाळधरना नाय."

"इथं चालू दाखवतंय, काशिनाथ. तुमच्याकडचंच काहीतरी असेल. राउटर बंद करून परत चालू कर."

"तीन वेळा केला साहेब."

"मग चौथ्यांदा कर."

आधी हे मी जाणूनबुजून बोलत होतो. पण लिहायची खरी लाज पुढेच आहे. काही महिन्यांनी मी स्वतःच विसरलो. नकाशाकडे बघायचो आणि मला खरंच वाटायचं की चालू आहे, हे डोंगरातले लोक उगाच कुरकुर करतात.

मंगल वारघडे ही त्या उपकेंद्रातली विद्यार्थिनी. सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची. घरची नागलीची शेती, आणि अभ्यासही नागलीचाच. पाड्यापाड्यावर फिरून तिनं वाण जमवले होते. लवकर पिकणारे हळवे, उशिरा पिकणारे गरवे, लाल दाण्याचे, फिकट दाण्याचे. चाळीसेक बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: कुठला पाडा, कुणाच्या घरचं बियाणं, कोणत्या उतारावर पेरतात. मी एकदा गेलो तेव्हा तिनं सगळ्या दाखवल्या. म्हणाली, "सर, म्हाताऱ्या बायका गेल्या की हे वाणही जाणार. कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे." आफ्रिकेतल्या नागलीवरचा एक निबंध तिला आमच्या जाळ्यावरून मिळाला होता. त्या दिवशी तिनं मला पेढा दिला. मी नेटवर्कवाला आहे म्हणून कुणी पेढा दिल्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

तिला एका मोठ्या संशोधन शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मिळाली असती तर डॉक्टरेट होईपर्यंतची सोय होती. मुलाखत ऑनलाइन, आणि ती उपकेंद्रातून द्यायची. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच संधी होती. पडद्यावर चार परीक्षक आले, पहिला प्रश्न झाला, दुसऱ्याचं उत्तर ती देत होती आणि नेट गेलं. अकरा वीसला गेलं ते तीन पाचला आलं. तोवर परीक्षक उठून गेले होते. मोबाइलवरून प्रयत्न करावा तर त्या घळीत मोबाइलची एक काडी.

शिष्यवृत्तीच्या नियमात एक वाट होती. बिघाड केंद्राच्या जोडणीत असेल, आणि विद्यापीठाच्या नेटवर्क कक्षानं तसं लिहून दिलं, तर मुलाखत पुन्हा घेता येत होती. नेटवर्क कक्ष म्हणजे मी.

दोघं एसटी बदलत बदलत आली. मंगल आणि तिच्यासोबत काशिनाथ. ती खुर्चीवर बसली, तो उभाच राहिला. मी बस म्हटलं तरी बसला नाही. बियाण्याच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेली वही त्यानं काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. 'गुरुवार. ११.२० ला नेट गेला. मंगलची मुलाखत चालू. लाइट होती. ३.०५ ला आला. मंगल घरी गेली.'

मी त्या दिवसाचा अहवाल छापून मागवला. दिवसभर हिरवं. एक लाल टिंब नाही.

आणि तेव्हा मला आठवलं. ही ओ मोखाड्याची नाही, जव्हारची आहे, आणि ती व्यवस्था मीच केली आहे. खरं लिहायचं तर त्यासोबत हेही लिहावं लागणार होतं की तीन वर्षांचे अहवाल मी बनवलेले आहेत. मूल्यांकनाची समिती पुढच्याच महिन्यात पुन्हा यायची होती. माझ्या बढतीची फाइल वर गेलेली.

"सर, एक ओळ पुरे आहे," मंगल म्हणाली.

मी म्हटलं, "आमच्या नोंदीत तर जोडणी चालू दिसतेय."

"पण ही वही?"

"वहीत कुणीही काहीही लिहू शकतं."

काशिनाथ इतकंच म्हणाला, "साहेब, मी तं बघूनच लिहतो."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. पेनाचं टोपण काढलं. टोपण काढायला जितका वेळ लागतो तितका वेळ माझ्याकडे होता, आणि तो मी वापरला नाही. लिहिलं: 'सदर दिवशी मोखाडा उपकेंद्राची जोडणी अखंड सुरू होती.' खाली सही, सहीवर गोल शिक्का. मंगलनं कागद वाचला आणि त्याची घडी घातली. काशिनाथनं वही पुन्हा पिशवीत गुंडाळली आणि जाताना मला नमस्कार केला. नेहमी करायचा तसाच.

समिती आली, नकाशा बघून खूश झाली. बढती मिळाली. काही वर्षांनी निवृत्त झालो, मानचिन्ह घेतलं, भाषणात दोन विनोद केले. एकदा उपकेंद्रातल्या कुणाकडून कळलं की मंगलनं संशोधन सोडलं, आश्रमशाळेत तासिकांवर शिकवते. मी 'अरेरे' म्हटलं. अहो, खरंच म्हटलं मी, 'अरेरे'.

मग परवाच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो. पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. खिडकीतल्या मुलानं अंगठा ठेवायला सांगितलं. पडद्यावरचं चक्र फिरतंय, फिरतंय, काही होत नाही. मी म्हटलं, "नेट गेलेलं दिसतंय." तो पडद्यावरून मान न उचलता म्हणाला, "सिस्टीममध्ये चालू दाखवतंय, आजोबा. तुमच्याकडचंच काहीतरी असेल. अंगठा पुसून परत ठेवा."

मी अंगठा पुसला. तीन वेळा पुसला. मागे रांग होती, लोक च् च् करत होते. त्या पोराचा काही दोष नव्हता, त्याला पुढ्यात जे दिसत होतं तेच तो सांगत होता. माझ्या मात्र कानशिलात कुणीतरी ठेवून दिल्यासारखं झालं. घरी येऊन जेवलो नाही. बायकोला वाटलं दाखल्याचं काही बिनसलं.

नोव्हेंबरात हे झालं आणि मी मोखाड्याला गेलो मे महिन्यात. मधले सहा महिने काय करत होतो? पत्र लिहून फाडत होतो. शिष्यवृत्ती देणाऱ्यांना एक मात्र टाकलं होतं. त्यांचं नम्र उत्तर आलं, इतक्या जुन्या प्रकरणात आता काही करता येणार नाही. शेवटी एका कोऱ्या कागदावर सगळं स्वच्छ लिहिलं, पत्ता कसा बदलला तेही, सही केली आणि निघालो.

मोखाड्याहून जीपनं, पुढे पायी. आश्रमशाळेला सुट्टी, म्हणून मंगल घरीच होती. दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढत येताना भेटली. त्या डोंगरावर मे महिन्यात पाणी म्हणजे तासाभराची पायपीट. मला तिनं लगेच ओळखलं. हंडे उतरवले आणि आधी तांब्याभर पाणी माझ्या हातात दिलं.

अंगणात तिचे वडील टोपली विणत बसले होते. मी कागद मंगलच्या हातात दिला. तिनं उभ्याउभ्या वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

"ह्यावर शिक्का नाही, सर," ती म्हणाली.

"निवृत्त झालो ना मी. आता शिक्का नसतो."

"तेव्हा होता."

मी बाटल्यांचं विचारलं. म्हणाली, "दोन वर्षं वेगवेगळ्या वाफ्यात लावल्या. मग माझी शाळा सुरू झाली, बघायला कोणी नाही. आयेनं एकदा सगळं बी एकत्र करून पेरलं. तिचं काय चुकलं? बी ठेवून काय करायचं असतं, पेरायचंच असतं." ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं कागद माझ्या हातात परत दिला. "बाबाला वाचून दाखवा," म्हणाली. "तुमचं ते शिक्क्याचं पत्र टपालानं घरीही आलं होतं. गुरुजींनी वाचून दाखवलं, नेट चालू होता म्हणून. तेव्हापासून अख्ख्या पाड्याला वाटतं, मी साहेब लोकांना घाबरून मुलाखत बंद केली आणि नेट गेल्याचं खोटं सांगितलं. मी सांगून दमले. तुम्ही सांगा."

मी वाचून दाखवलं. राउटर, पत्ता, असले शब्द सोडून साध्या भाषेत सांगितलं. नेट गेला होता, मला माहीत होतं, मी खोटं लिहिलं. म्हाताऱ्याचे हात टोपलीवर थांबले. माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही. लेकीकडे बघत म्हणाला, "मंजे तू खरा बोललीस, पोरी."

मंगल हंडे उचलून घरात गेली. मीही थांबलो नाही.

परतताना मोखाड्याला उपकेंद्रात उतरलो. काशिनाथ तिथंच होता, केस पांढरे झालेले. मला बघून धावत आला, खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी म्हटलं, "काशिनाथ, ती वही आहे का रे? त्या गुरुवारचं पान काढ. मला त्यात सही करायची आहे."

तो हरखला. कपाटातून, त्याच लोखंडी कपाटातून, चांगल्या सातआठ वह्या काढल्या. नेमून दिलेलं काम त्यानं एवढी वर्षं सोडलं नव्हतं. मी गुरुवारचं पान काढलं, त्याच्या नोंदीखाली लिहिलं, 'ही नोंद खरी आहे. माझी खोटी होती,' आणि सही केली. मग सहज पुढची पानं उलटली.

आम्ही त्या पत्राच्या दिवशी भेटलो तिथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. गेला, आला, लाइट होती, लाइट नव्हती. त्यानंतरच्या पानावर एकच शब्द होता, 'चालू'. दुसऱ्या दिवशी 'चालू'. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'चालू'. मी दुसरी वही उघडली, तिसरी उघडली. त्याच गोल, ठसठशीत अक्षरात, एकही दिवस न चुकता, पानंच्या पानं. आजची तारीख काढली. आजही 'चालू'.

"आज नेट आहे का, काशिनाथ?"

"नाय ना साहेब. सकाळधरना नाय."

"मग हे काय लिहिलंयस?"

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "तुमीच सांगला ना तेव्हा, चालू होता म्हणून. तुमचे मशीनला दिसतं, मला दिसत नाय. मंग मला वाटला, आपल्यालाच काय कळत नाय. तेव्हाधरना चालूच लिहतो."

माझ्या हातात पेन तसंच होतं. मी म्हटलं, "तुला कळत होतं रे. सगळ्यांत तुलाच कळत होतं. चूक माझी होती."

त्यानं माझी सही असलेलं पान जवळ ओढलं, बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. मग टेबलावरच्या त्या सगळ्या वह्यांच्या ढिगाकडे बघितलं.

"मंग ह्या बाकीचे दिवसांचा काय करू, साहेब?" त्यानं विचारलं.